प्रेमापोटी, टपालखर्च कंपनीचा

आमच्या कंपनीचे पैसे खाणारा माणूस शेवटी अडकला तो टपालाच्या तिकिटांत. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करतोय. थट्टा परवडावी एवढा पगार मला कधीच नव्हता. एकतीस वर्षं मी या कंपनीच्या स्टोअरमध्ये काढली, नटबोल्ट, लोखंडी नळ्या आणि रबरी बुचांच्या संगतीत, आणि जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो. पण ही गोष्ट त्या महाशयांची नाही. त्यांच्यावर वकिलांनी भरपूर कागद खर्च केलेत. ही गोष्ट त्यांच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आमच्या जावकताईंची.

आमची कंपनी घडीच्या खुर्च्या करते. सभा-समारंभांना लागतात त्या. ज्या खुर्च्या तपासणीत नापास होतात त्या ऑफिसात येतात, त्यामुळे आमच्याकडे सगळेच जरा तिरके बसतात. ताईंचं टेबल दारातून आत आलं की डाव्या हाताला, माझ्या स्टोअरच्या खिडकीला लागून. टेबलावर दोन रजिस्टरं. आत येणाऱ्या कागदांचं आवक आणि बाहेर जाणाऱ्यांचं जावक. क्रमांक, तारीख, वेळ, कोणाकडून, कोणाला, विषय, टपालखर्च. अडतीस वर्षं ताईंनी हेच रकाने भरले. खरं नाव पगारपत्रकात असेल कुठेतरी. मालकांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना ताई म्हणायचे, आणि ज्याला तसं म्हणायचा खरा हक्क होता तो त्यांचा धाकटा भाऊ आमच्याच कंपनीत अकाउंट्सचा प्रमुख होता.

ताईंचे काही नियम होते. आत येणारं प्रत्येक पाकीट नोंदायचं, कारण बंद पाकिटात काय आहे हे बाहेरून कळत नाही. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटाचा विषय सांगायचा. विषय नाही तर नंबर नाही, नंबर नाही तर कंपनीचं तिकीट नाही. आणि पाकीट वैयक्तिक असेल तर ते रजिस्टरात घ्यायचंच नाही, ज्याचं त्यानं आपल्या खिशातून तिकीट लावायचं. पान संपलं की खाली रेघ. मध्ये एकही ओळ कोरी नाही. एकदा खुद्द मालकांनी येऊन गोड आवाजात सांगितलं की कालचं एक पत्र परवा आलं असं दाखवा. ताईंनी पेन त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाल्या की तुम्ही तुमच्या हातानं लिहा, मी शेजारी लिहिते की हे अक्षर माझं नाही. मालकांनी पेन परत दिलं. मी तेव्हा खिडकीतून बघत होतो. मला वाटलं, काय हेकट बाई आहे.

त्यांचे यजमान गेले त्या दिवशी हॉस्पिटलातून शेजाऱ्यानं चिठ्ठी आणून दिली. ताईंनी ती बंद चिठ्ठी आधी आवकला चढवली. अकरा चाळीस. मग उघडली. वाचली, विषयाच्या रकान्यात काहीतरी लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि पर्स घेऊन निघून गेल्या. मी नंतर रजिस्टर उघडून बघितलं. विषय होता "घरचा". ही बाई दगड आहे असं मी कॅन्टीनमध्ये चार लोकांत म्हणालो होतो. आज तो शब्द आठवला की माझीच मला लाज वाटते, पण म्हणालो होतो हे खरं.

आता बंधुराज. वडील गेले तेव्हा ताई वीस वर्षांच्या आणि हे सातवीत. ताईंनी कॉलेज सोडलं आणि हे आवक-जावक धरलं. त्या पगारात भावाची फी, वह्या, क्लास, पहिला सूट आणि पहिले चकचकीत बूट. मग मालकांच्या पायऱ्या झिजवून त्याला इथेच ज्युनिअर कारकून म्हणून चिकटवलं. बारा वर्षांत तो प्रमुख झाला, केबिन मिळाली, आणि ताई दाराशीच राहिल्या. आम्ही त्याचं नाव राऊंडफिगर साहेब ठेवलं होतं. आमचा पगार काढताना साहेब आकडा खाली ओढून राऊंड करायचे, आणि स्वतःच्या प्रवासाच्या बिलात वर ढकलून. एवढ्या पगाराचा माणूस, पण घरच्या विजेच्या बिलाचं पाकीटसुद्धा ऑफिसच्या टपालात घुसडायचा प्रयत्न करायचा. ताई ते हळूच बाजूला काढून ठेवायच्या आणि संध्याकाळी त्याच्याकडून तिकिटाचे पैसे मागायच्या. साहेब चडफडत सुटे द्यायचे. सख्खी बहीण आणि तिकिटाचे पैसे मागते, याचं त्यांना फार वाईट वाटायचं. शेवटी शेवटी ते शहाणे झाले. विचारलं की छातीठोकपणे सांगायचे, ऑफिसचं आहे.

त्यांनी पैसे कसे खाल्ले ते सांगताना माझी मान खाली जाते, कारण त्यात माझी सही आहे. खुर्चीच्या पायांना खाली रबरी बूच लागतं. खुर्चीला पाय चार, हे मला बालवाडीपासून माहीत आहे. पण स्टोअरमध्ये बिल यायचं ते खुर्चीमागे सहा बुचांचं. पोती यायची, मी पोती मोजायचो. बुचं कोण मोजतंय. साहेब खिडकीशी येऊन म्हणायचे, "घ्या हो सही करून, रबरच तर आहे," आणि मी करायचो. सात वर्षं. नंतर नंतर तर पोतीही येईनाशी झाली, नुसती बिलं यायची, आणि मला वाटायचं की माल थेट कारखान्यात उतरतो. ही सगळी बिलं फेडली गेली ती चौसष्ट कामगारांच्या निवृत्ती निधीच्या खात्यातून. त्या चौसष्टांत मीही आलो. म्हणजे स्वतःच्या म्हातारपणाचे पैसे बाहेर जाताना पावतीवर सही मीच केली. असा हुशार माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही.

तर एका सोमवारी नवीन ऑडिटरांचं पत्र आलं. बुचं पुरवणाऱ्याचा पत्ता आणि निधीच्या खात्याचे उतारे पाठवा, आम्ही पंधरा दिवसांनी येतो, अशी दोन ओळींची मागणी. आवक क्रमांक सहाशे एकोणीस, वेळ अकरा वीस. ताईंनी ते केबिनमध्ये पाठवलं. दुपारी साडेतीनला साहेब स्वतः एक जाडजूड पाकीट घेऊन बाहेर आले. एरवी शिपायाला हाक मारणारा माणूस आज स्वतः चालत आला, याचंच मला नवल वाटलं. पाकिटावर एका वकिलाचा पत्ता. ताईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, वैयक्तिक आहे का. साहेबांचा हात खिशाकडे गेला. पाकीट जड होतं, चांगली चार मोठी तिकिटं लागली असती. हात परत आला. ऑफिसचं आहे, म्हणाले. विषय काय लिहू? साहेब घाईत होते. लिही, बक्षीसपत्रं. किती? पाच मसुदे.

इथे आमच्या अडाणीपणाचं कौतुक करायला हवं. मालमत्ता कोणाला फुकट देऊन टाकायची तर जो कागद करतात त्याला बक्षीसपत्र म्हणतात, हे मला आता झोपेत विचारलं तरी सांगेन. पण त्या दिवशी आम्हा दोघांनाही वाटलं की ही विक्रेत्यांच्या बक्षीस योजनेची पत्रं आहेत. जास्त खुर्च्या विकणाऱ्याला कंपनी दरवर्षी भिंतीवरचं घड्याळ द्यायची. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलंसुद्धा, की साहेब, यंदा स्टोअरला एखादं घड्याळ मिळेल का. साहेब हसले. बघू म्हणाले. ताईंनी वळणदार अक्षरात लिहिलं: बक्षीसपत्रांचे मसुदे, नग पाच. टपालखर्च कंपनीचा.

त्याच आठवड्यात साहेबांच्या अंगात दानशूरपणा संचारला. गुरुवारी ताईंना अर्धी रजा घ्यायला लावून नोंदणी कार्यालयात नेलं आणि एका कागदावर सही घेतली. ताई दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या त्या नवी साडी नेसून. टेबलावर गोडाचा डबा. माझ्या खिडकीत दोन तुकडे ठेवले आणि म्हणाल्या, "भावानं घर दिलं."

ते घर पुढे मी पाहिलं. तिसरा मजला, लिफ्ट, एक हॉल, एक खोली, ओट्याला खिडकी. यात विशेष काय असं वाटेल, म्हणून आधीचं सांगतो. सव्वीस वर्षं ताई ज्या भाड्याच्या खोलीत राहिल्या तिथे नळाला संध्याकाळी पाऊण तास पाणी यायचं. साडेपाचला सुटून धावत गेलं तर दोन बादल्या, बस चुकली तर एक. घरमालक दर अकरा महिन्यांनी येऊन दार वाजवायचा आणि भाडं वाढवायचा. नव्या घरात ताईंनी मला काय दाखवलं असेल? नळ. सोडून दाखवला, बंद केला, परत सोडला. "कधीही येतं," म्हणाल्या. आणि मग म्हणाल्या की तो लहानपणी म्हणायचा, ताई, मोठा झालो की तुला घर बांधून देईन, आणि बघा, विसरला नाही. मला त्यांचा हेवा वाटला. माझ्या भावानं मला आजवर सल्ल्याखेरीज काही दिलेलं नाही.

पंधरा दिवसांनी ऑडिटर आले. बुचांच्या पुरवठादाराच्या पत्त्यावर गेले तर तिथे बंद पडलेलं केस कापायचं दुकान. निधीच्या खात्यात उरलं होतं ते खातं उघडं ठेवण्यापुरतं. मालक केबिनमध्ये खुर्चीवर बसले ते बसलेच, आणि ती खुर्चीही तिरकी. साहेबांना त्याच दिवशी घरी बसवलं. आम्ही चौसष्ट जण फाटकाशी जमलो. एका वेल्डरची तीन महिन्यांनी निवृत्ती होती. तो नुसता हातमोजे काढत आणि घालत राहिला.

साहेब मात्र शांत होते. माझ्या नावावर काहीही नाही, म्हणाले. आणि खरंच नव्हतं. राहतं घर बायकोला दिलेलं. दोन गाळे मेहुण्याला. शहराबाहेरची जमीन सासूबाईंना, ज्यांना पलंगावरून उतरायला दोघांचा आधार लागतो. मोटार साडूला. आणि पाचवं म्हणजे हे नवं घर, बहिणीला. प्रत्येक बक्षीसपत्रात एकच वाक्य: नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता. बुचांमध्ये इतकं प्रेम दडलेलं असतं हे मला स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढूनही कळलं नव्हतं.

कंपनीनं एक वकीलबाई नेमल्या. बारीक चणीच्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी आमच्या ऑफिसातच, ताईंच्या टेबलाशेजारी उभं राहून मालकांना समजावलं. पकडले जाणार हे कळल्यावर माणसानं मालमत्ता नातेवाइकांना फुकट वाटली असेल, तर ते वाटप कोर्ट रद्द करतं आणि मालमत्ता विकून पैसे परत मिळतात. पण या पाचही कागदांवर तारीख वर्षापूर्वीची आहे. साहेबांचं म्हणणं, प्रेम जुनंच आहे, कागदही जुने, नोंदणी तेवढी करायची राहून गेली होती. आता हे कागद ऑडिटचं पत्र आल्यानंतर बनले हे सिद्ध करायला आपल्याकडे काही नाही. वकीलबाईंनी खेदानं मान हलवली.

ताईंचं पेन थांबलं. मी खिडकीतून स्पष्ट पाहिलं. त्यांनी विचारलं, कोणती तारीख म्हणालात? वकीलबाईंनी पुन्हा सांगितली. वकीलबाई गेल्यावर ताईंनी जावकचं रजिस्टर उघडलं, काही पानं मागे गेल्या, एका ओळीवर बोट ठेवलं आणि रजिस्टर मिटलं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. बक्षीसपत्रांचे मसुदे, नग पाच. माझं घड्याळ!

म्हणजे चौसष्ट माणसांचं म्हातारपण माझ्यापासून तीन फुटांवर, निळ्या कापडी पुठ्ठ्यात बांधलेलं पडलं होतं, आणि ज्यांच्या हाती ते होतं त्या बाई पाचव्या बक्षीसपत्रात राहत होत्या. मी लगेच वकीलबाईंकडे धावत गेलो असं सांगायला मला आवडलं असतं. नाही गेलो. तोंड उघडलं तर माझ्या सह्यांचाही विषय निघेल, या भीतीनं चार दिवस गप्प बसलो. ताईही गप्प. मला त्यांचा भयंकर राग आला. मनात म्हटलं, एरवी तारखेसाठी मालकांना अडवते, आणि आता स्वतःच्या नळावर आली तर तोंडाला कुलूप. स्वतःच्या तोंडाचं कुलूप मला दिसत नव्हतं हे ओघानं आलंच.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत साहेब मागच्या दारानं आले. ऑफिस रिकामं होतं. मी नळ्यांच्या रॅकमागे डबा खात बसलो होतो, तो घास हातातच राहिला. साहेबांनी खुर्ची ओढली. आधी तब्येतीची चौकशी झाली, नव्या घरात करमतं का विचारून झालं. मग म्हणाले की मागच्या वर्षीच्या रजिस्टरात एकच ओळ टाकायची आहे, पाच मसुदे वकिलाकडे गेले अशी. आणि यंदाचं रजिस्टर जरा इकडेतिकडे होऊ दे.

"मागच्या वर्षीच्या रजिस्टरात जागा नाही," ताई म्हणाल्या.

"एवढ्या मोठ्या रजिस्टरात एक ओळ नाही?"

"मी जागा सोडत नाही."

साहेबांचा आवाज चढला. म्हणाले, ताई, तुला कळतंय का, हे रजिस्टर बाहेर गेलं तर सगळ्यांबरोबर तुझंही घर जाईल. या वयात परत त्या खोलीत जाणार आहेस? मी तुझ्यासाठी एवढं केलं, आणि तू चार तिकिटांच्या नोंदीपायी सख्ख्या भावाला रस्त्यावर आणणार?

ताई ज्या आवाजात नंबर सांगायच्या त्याच आवाजात बोलल्या. "मी तुला विचारलं होतं, वैयक्तिक आहे का. तू हो म्हणाला असतास तर मी ते पाकीट नोंदलंच नसतं. तुझं तिकीट लावून गेलं असतं, आणि आज कोणाला काही कळलं नसतं."

मला वाटतं, साहेब मनातल्या मनात चार तिकिटांची किंमत काढत होते.

"आणि घराच्या कागदावरची तारीख मी बघितली नाही," ताई म्हणाल्या. "सदतीस वर्षांत तेवढ्या एकाच कागदावर मी तारीख न बघता सही केली. तू दिलास म्हणून."

साहेब मागच्याच दारानं गेले. ताईंनी डब्याचं झाकण लावलं. जेवलेल्या नव्हत्याच. मग माझ्या रॅककडे न बघता म्हणाल्या, "स्टोअर, बाहेर या आता. आणि वकीलबाईंचा फोन लावून द्या." मी बाहेर आलो. फोन लावला, आणि त्यांचं बोलणं झाल्यावर रिसीव्हर मागून घेतला आणि बुचांच्या सह्यांचं सगळं मीही ओकून टाकलं. पोटात इतकं हलकं वाटलं की उरलेला डबा उभ्या उभ्या संपवला.

वकीलबाई रजिस्टर न्यायला आल्या तेव्हा ताईंनी त्यांना दहा मिनिटं उभं ठेवलं. रजिस्टर बाहेर जाणार म्हणजे त्याची जावक हवी. आणि जावक नोंदायची कुठे, तर त्याच रजिस्टरात. ताईंनी रजिस्टराची नोंद रजिस्टरात केली, नंबर घातला, वकीलबाईंची सही घेतली आणि मगच ते हातात दिलं. वकीलबाई हसू दाबत होत्या. मी दाबलं नाही.

सुनावणीची खोली आमच्या ऑफिसापेक्षा लहान निघाली. खुर्च्या आमच्याच होत्या, बुचं नसलेल्या. एका बाजूला सगळं प्रेमळ कुटुंब बसलं होतं. सासूबाईंना उचलून आणलं होतं, मेहुण्यानं गळ्यातली साखळी काढून ठेवली होती, आणि साडू मोटार दोन गल्ल्या पलीकडे लावून चालत आला होता. ताईंनी दोन्ही रजिस्टरांतल्या ओळी वाचून दाखवल्या. आवक सहाशे एकोणीस, अकरा वीस, ऑडिटरांचं पत्र. जावक पाचशे अठ्ठ्याऐंशी, त्याच दिवशी दुपारी साडेतीन, बक्षीसपत्रांचे मसुदे, नग पाच. ज्या कागदावर वर्षापूर्वी सह्या झाल्या त्याचे मसुदे आता कशाला जातील, हे न्यायाधीशांना समजवावं लागलं नाही.

साहेबांच्या वकिलानं ताईंना घेरायचा प्रयत्न केला. म्हणाला, बाई, त्या पाचांत एक घर तुमचंही आहे. तुमच्या भावाचं तुमच्यावर प्रेम नाही, असं तुम्ही शपथेवर सांगताय का? खोलीत सगळे ताईंकडे बघायला लागले. साहेब मात्र आपल्या बुटांकडे बघत होते. चकचकीतच होते.

ताईंनी रजिस्टर मिटलं नाही. ओळीवर बोट तसंच ठेवलं.

"प्रेम होतं की नाही ते मला सांगता यायचं नाही, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "रजिस्टरप्रमाणे ते त्या दिवशी साडेतीनला निघालं."

निकाल व्हायला पुढे दहा महिने गेले. पाचही बक्षीसपत्रं रद्द. मग वसुली अधिकारी एकेक मालमत्ता ताब्यात घेऊ लागले, आणि नैसर्गिक आपुलकीचा खरा रंग दिसला. मेहुणा म्हणाला की गाळ्यांच्या शटरला मी स्वतः रंग दिलाय, त्याचे पैसे आधी द्या. साडूनं मोटार दिली ती टायर बदलून, जुने लावून. बायको माहेरी गेली आणि जाताना घरातले पंखेसुद्धा उतरवून नेले. सासूबाई तेवढ्या सरळ निघाल्या. त्यांनी विचारलं, कसली जमीन? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली, एक वेतनवाढ कापली. योग्यच झालं. आता मी बुचं मोजतो. पोतं ओतून, एकेक. कारखान्यातले लोक हसतात, हसू देत.

निधीचे पैसे परत आले. सगळे नाही, शंभरातले नव्वद म्हणा. त्या वेल्डरची निवृत्ती होऊन गेली होती, तो पैसे घ्यायला आला तेव्हा ताईंच्या टेबलाशी थांबला. मग वाकून नमस्कार करायला गेला तर ताईंनी रजिस्टर पुढे सरकवलं आणि म्हणाल्या की पोचपावतीवर सही करा. त्यानं केली.

ताईंच्या घराची पाळी शेवटी आली. त्यांनी कुरकूर केली नाही, रंगाचे पैसे मागितले नाहीत. मालकांनी जरा मुदत मागून बघू का असं विचारलं, तर म्हणाल्या, नको. रविवारी मी आणि शिपाई सामान हलवायला गेलो. चार पेट्या, एक पलंग, दोन बादल्या. जुन्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं होतं, म्हणून त्याच गल्लीत मागच्या बाजूची घेतली. नळ तोच, पाऊण तासाचा. निघताना ताई ओट्यापाशी गेल्या, नळ घट्ट बंद आहे ना ते बघितलं, आणि दार ओढून घेतलं.

सोमवारी त्या ऑफिसात आल्या, बसल्या, आणि पर्समधून किल्ली काढली. एका पाकिटात घातली, चिकटवली, वसुली अधिकाऱ्यांचा पत्ता लिहिला. त्या महिन्याअखेर ताईही निवृत्त होणार होत्या. मी खिडकीतून बघत होतो. म्हटलं ताई, नंबर घाला की, पाचशे काय असेल तो. कंपनीच्याच केसचं टपाल आहे, तिकीट कंपनी देईल. अहो हक्क आहे तुमचा, एवढ्या वर्षांत एक तिकीट तरी घ्या कंपनीचं.

ताईंनी जावकचं रजिस्टर उघडलंच नाही. पाकीट तळहातावर ठेवून वजनाचा अंदाज घेतला.

"नको," म्हणाल्या. "वैयक्तिक आहे."

आणि पर्समधून सुटे पैसे काढून टेबलावर मोजायला लागल्या.